स्नानस्थळांचे अलंकरण : रोम आणि फोंडा

प्राचीन रोमच्या सार्वजनिक स्नानगृहांविषयी वाचताना मन दिपून जाते. इ. स. २१६ मध्ये खुल्या झालेल्या सम्राट काराकालाच्या स्नानगृहात एका वेळी सुमारे १६०० माणसांची सोय होती. थंड, कोमट आणि उष्ण अशी दालने. उष्ण दालनाची जमीन विटांच्या ठेंगण्या खांबांवर उचललेली व तिच्याखालून भट्टीची गरम हवा खेळवलेली. ही रचना उपयोगातूनच जन्मली. अलंकरणाची गोष्ट मात्र निराळी. विटा व काँक्रीटच्या भिंतींवर संगमरवराचे पातळ तक्ते बसवले होते. पुढील शतकांत ते काढून नेले गेले आणि विटांचे प्रचंड सांगाडे तेवढे उरले.

याच्याशी ताडून पाहण्याजोगे स्थळ आपल्यापासून दूर नाही. रामनगरहून अनमोड घाट उतरून गेले की फोंड्यास आदिलशाही काळातील, १५६० च्या सुमाराची साफा मशीद लागते. तिच्या शेजारी जांभ्या दगडाचा चौकोनी तलाव आहे. नमाजापूर्वीच्या वजूसाठी बांधलेल्या या तलावाच्या भिंतींत मेहराबीच्या आकाराचे कोनाडे आहेत. अलंकरण म्हणावे तर एवढेच.

जांभा हा सच्छिद्र, खरबरीत दगड. त्यात नाजूक नक्षी टिकत नाही. कारागिरांनी दगडाचा हा स्वभाव ओळखून एकच साधी, ठसठशीत आकृती घेतली व तिचीच पुनरावृत्ती केली. पाणी स्थिर असले की कमानीखाली तिचे प्रतिबिंब उमटते. उरलेली शोभा पाणीच पुरवते. भोवतालची बाग आणि कारंजी पोर्तुगीज अमदानीत नष्ट झाली. तलावाचे सौंदर्य मात्र टिकले, कारण ते वरून चढवलेले नव्हते, बांधणीतच होते.

याचा अर्थ रोम उणे असा नव्हे. नाममात्र मोबदल्यात सामान्य नागरिकाला एवढे वैभव उपभोगू देणारी ती दानत थोरच म्हटली पाहिजे. परंतु शोभा वस्तूच्या अंगची असावी, हा धडा फोंड्याचा तलाव अधिक स्पष्टपणे देतो.

हा विचार केवळ पुराणवस्तूंपुरता नाही. जीर्णोद्धाराच्या नावाखाली देवळांच्या जुन्या तळ्यांना हल्ली चकचकीत फरशा बसवल्या जातात आणि चिऱ्यांचे मूळ बांधकाम झाकले जाते. फरशी निखळेल, तेव्हा खाली काय उरले असेल, याचा विचार गावकऱ्यांनी आणि विश्वस्तांनी आधीच केलेला बरा.