ग्रंथमालेचे मुखपृष्ठ : प्रकृती आणि प्रत्यय

मुखपृष्ठाचा विचार मराठीत बहुधा चित्राच्या अंगाने होतो. चित्र देखणे आहे काय व ते कथानकास अनुरूप आहे काय, एवढे ठरले की समीक्षकाचे समाधान होते. सुट्या पुस्तकापुरता हा निकष चालण्यासारखा आहे. परंतु एका मालेतील अनेक ग्रंथांना वेष्टन द्यावयाचे असते तेव्हा तो अपुरा पडतो. कारण तेथे प्रत्येक मुखपृष्ठाचा अर्थ शेजारच्या मुखपृष्ठावर अवलंबून असतो. चिन्हाचे मूल्य भेदातून सिद्ध होते, हा सोस्यूरचा सिद्धान्त येथेही लागू पडतो.

व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर ग्रंथमाला ही एक रूपावली होय. ‘घराने, घराला, घरात’ या रूपांत प्रकृती स्थिर राहते, म्हणूनच प्रत्ययाचा अर्थ कळतो. 1935 साली निघालेल्या पेंग्विन मालेत एडवर्ड यंगने आखलेले तीन आडवे पट्टे ही प्रकृती होती. कादंबरीचा नारिंगी, चरित्राचा निळा व गुन्हेकथेचा हिरवा रंग हे प्रत्यय होते. याउलट साहित्य अकादेमीच्या ‘भारतीय साहित्याचे निर्माते’ या मालेत पुठ्ठ्याच्या आतील कागदावर नागार्जुनकोंडा येथील शिल्प छापलेले असते. मायादेवीच्या स्वप्नाचा अर्थ सांगणारे तीन भविष्यवेत्ते व तो लिहून घेणारा लेखनिक त्यात दिसतात. हे शिल्प मालेला बांधून ठेवते. मात्र एका साहित्यिकाला दुसऱ्यापासून वेगळे करण्याचे काम ते करीत नाही. येथे प्रकृती आहे, प्रत्यय नाही.

मराठीत या प्रश्नाची खरी कसोटी भालचंद्र नेमाडे यांच्या चांगदेव चतुष्टयाने लागते. ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ या कादंबऱ्या 1975 ते 1979 या काळात प्रसिद्ध झाल्या. नेमाडे यांनी ज्या नगरीत काही काळ अध्यापन केले त्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, या कादंबऱ्यांना महाविद्यालयीन वाचक मोठ्या आस्थेचा लाभला, यात नवल नाही. चांगदेव पाटील हा प्राध्यापक तोच राहतो. गाव आणि महाविद्यालय बदलत जाते. म्हणजे कथेची घडणच प्रकृती-प्रत्ययांची आहे. तिच्यासाठी चार स्वतंत्र चित्रे काढणे म्हणजे चार असंबद्ध शब्द लिहिणे. आणि एकच चित्र चार रंगांत छापणे म्हणजे चांगदेवाचे स्थलांतर नाकारणे.

नावांकडेही पाहावे. चारही नावे एकशब्दी आहेत. ‘बिढार’ व ‘जरीला’ यांतील वेलांट्या शिरोरेषेच्या वर जातात. ‘हूल’ व ‘झूल’ यांतील उकार खाली उतरतात. अक्षरांची एकूण उंची मोजून नाव चौकटीच्या मध्यभागी बसविले तर पहिल्या जोडीची शिरोरेषा खाली सरकते व दुसरीची वर चढते. चार पुस्तके शेजारी मांडताच ही रेषा हेलकावे खाऊ लागते. रोमन मोठ्या अक्षरांना हा प्रश्न पडत नाही. म्हणून पेंग्विनचा पट्टा देवनागरीला जसाच्या तसा उसना घेता येत नाही. देवनागरीत प्रथम शिरोरेषा निश्चित करावी व मागाहून चौकट आखावी. ती रेषाच मालेची प्रकृती होऊ शकते.

येथे एक आक्षेप संभवतो. सार्वजनिक ग्रंथालयात बांधणी होताना वेष्टन पुष्कळदा नाहीसे होते व कण्यावर हाताने लिहिलेले नाव तेवढे उरते. मग या काटेकोरपणाचा उपयोग काय? आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलट आहे. वेष्टन टिकणार नाही हे ठाऊक असेल तर क्रमाची खूण त्याच्यावर विसंबून ठेवता कामा नये. मालेचे नाव व पुस्तकाचा क्रमांक आतील नामपृष्ठावर त्याच शिरोरेषेखाली असला पाहिजे. अन्यथा ‘झूल’ प्रथम हाती आलेल्या विद्यार्थ्याला आपण चौथ्या घरात शिरलो आहोत हे कळणार नाही, आणि तो दोष त्याच्या वाचनाचा मानला जाईल.