कक्षांनी घडवलेला इतिहास

मंगळ म्हातारा, पृथ्वी मध्यमवयीन आणि शुक्र कोवळा, अशी ग्रहांच्या वयाची उतरंड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकल्यासवरलेल्या युरोपीय माणसाच्या डोक्यात पक्की बसलेली होती. तिचे मूळ कांट आणि लाप्लास यांच्या तेजोमेघ सिद्धांतात. सूर्याभोवतीचा तप्त वायू आकसत गेला, बाहेरचे ग्रह आधी सुटे झाले आणि आधी निवले. तेव्हा जो ग्रह जितका लांब तितका जुना. एच. जी. वेल्सचे मंगळवासी १८९८ साली पृथ्वीवर चालून येतात ते याच हिशेबाने. त्यांचा ग्रह थंडावत चाललेला असतो आणि शेजारी मात्र ऊबदार, हिरवी पृथ्वी दिसत असते. पर्सिव्हल लॉवेलने फ्लॅगस्टाफच्या वेधशाळेतून मंगळावर कालवे पाहिले आणि त्या कालव्यांमागे पाण्यासाठी झगडणारी मरणपंथाला लागलेली संस्कृती कल्पिली. एडगर राइस बरोजने १९१२ पासून त्या आटलेल्या समुद्रतळांवर राजकन्या आणि तलवारबहाद्दर उभे केले. शुक्राच्या वाट्याला दलदल, अरण्ये आणि महाकाय सरडे आले.

हे सारे खगोलशास्त्र चुकीचे होते, पण साहित्याला त्याने एक मोठी गोष्ट दिली. ग्रहांचा क्रम हाच इतिहासाचा क्रम झाला. सूर्यापासून दूर जावे तर भविष्यात पोहोचावे, जवळ यावे तर भूतकाळात. आज ग्रहमालेचा काल्पनिक इतिहास सांगणाऱ्या कादंबऱ्यांचे पीक उदंड आहे. त्यातल्या पुष्कळ वाचताना मला त्या जुन्या चुकीच्या नकाशाची आठवण येते, कारण त्या नकाशात अवकाश आणि काळ एकमेकांत विणलेले होते. नव्या कादंबऱ्यांत ग्रहांची माहिती अचूक असते, पण बऱ्याचदा ग्रहाचे नाव बदलून देशाचे घातले तरी कथेचे काही बिघडत नाही. मंगळाचे संरक्षक दल असते, पृथ्वीचे सरकार असते, लघुग्रहांवरचे बंडखोर असतात. राजकारण मात्र सगळे विसाव्या शतकातले.

म्हणून या साहित्याकडे बघताना मी दोन प्रश्न विचारतो. इतिहास कक्षेतून, गुरुत्वातून, अंतरातून उगवला आहे का, हा पहिला. आणि शेकडो, हजारो वर्षे चालणाऱ्या घडामोडीला साक्षीदार कोण, हा दुसरा. कादंबरीला माणूस लागतो आणि माणूस ऐंशी-नव्वद वर्षे जगतो. ग्रहाला त्याचे काही नसते.

ओलाफ स्टेपलडनने १९३० मध्ये 'लास्ट अँड फर्स्ट मेन' लिहिताना दुसरा प्रश्न सरळ झुगारून दिला. त्याच्या पुस्तकात मानवाच्या १८ जाती आणि दोन अब्ज वर्षे आहेत. पात्र जवळपास नाहीच. चंद्र पृथ्वीवर कोसळणार म्हणून पाचवी मानवजात शुक्रावर जाते आणि तिथल्या समुद्रात राहणाऱ्या मूळ रहिवाशांचा निर्वंश करते. पुढे शुक्रही सोडावा लागतो आणि माणूस नेपच्यूनवर पोहोचतो. विज्ञान जुने झाले, पण त्या निर्वंशाची पाने जुनी होत नाहीत. स्वतःचा जीव वाचवण्यासाठी एक शहाणी, सुसंस्कृत जात दुसरीला संपवते आणि तो डाग तिच्या मनावर पिढ्यान्‌पिढ्या राहतो. स्थलांतराचे कारण इथे आकाशात आहे आणि पाप माणसाचे. अमेरिकेत १९४१ साली 'अस्टाउंडिंग' मासिकाच्या मे अंकात रॉबर्ट हाइनलाइनने आपल्या भविष्य-इतिहासाचा तक्ता छापला. कथा, पात्रे, शोध, राजवटी, सगळे सालांच्या पट्टीवर मांडलेले. त्याच मासिकाच्या सप्टेंबर अंकात असिमोव्हची 'नाइटफॉल' आली. सहा सूर्यांचा ग्रह, २०४९ वर्षांनी एकदाच होणारी रात्र आणि जमिनीखाली एकावर एक सापडणारे जळक्या संस्कृतींचे थर. माझ्या मते हाइनलाइनच्या भव्य तक्त्यापेक्षा ही एक कथा पुढच्या लेखकांच्या जास्त कामाची ठरली. तक्त्यात इतिहास लेखक ठरवतो. 'नाइटफॉल'मध्ये तो ग्रहणाने ठरतो.

मग जुनी सूर्यमाला तीन वर्षांत कोसळली. डिसेंबर १९६२ मध्ये मरिनर-२ शुक्राजवळून गेले आणि दलदलीच्या जागी भट्टी निघाली. जुलै १९६५ मध्ये मरिनर-४ ने मंगळाची वीसएक छायाचित्रे पाठवली. त्यांत विवरे होती, कालवे नव्हते. लॅरी निव्हनची पहिली कथा बुधाच्या कायम अंधाऱ्या बाजूवर घडते. ती १९६४ च्या अखेरीस छापून आली आणि पुढच्याच वर्षी रडारने दाखवले की बुध ५९ दिवसांत स्वतःभोवती फिरतो, त्याला कायमचा अंधार नाहीच. ब्रायन ऑल्डिसने हॅरी हॅरिसनच्या साथीने १९६८ मध्ये जुन्या शुक्रकथांचा संग्रह काढला तो शुक्राला निरोप देण्यासाठी.

पुढे याच ऑल्डिसने या प्रकारातली सर्वांत पक्क्या बांधणीची कादंबरी लिहिली, असे माझे मत आहे. 'हेलिकोनिया'चे तीन खंड, वसंत, ग्रीष्म आणि हिवाळा, १९८२ ते १९८५ दरम्यान आले. हेलिकोनिया हा ग्रह बटालिक्स नावाच्या मंद सूर्याभोवती फिरतो आणि बटालिक्स फ्रेयर नावाच्या प्रचंड प्रखर ताऱ्याभोवती लांबट कक्षेत फिरतो. ही मोठी फेरी पुरी व्हायला पृथ्वीची सुमारे २६०० वर्षे लागतात. एकेक ऋतू कित्येक शतकांचा. हिवाळ्यात जन्मलेल्याच्या पणतवंडांनाही हिवाळाच भेटतो. उन्हाळ्याच्या दरबारात कुणाला बर्फयुगाची आठवण नसते. उरतात दंतकथा, गाडले गेलेले मनोरे आणि अर्धवट समजणारे विधी. साक्षीदाराचा प्रश्न ऑल्डिस असा सोडवतो की तो ग्रहावर साक्षीदार ठेवतच नाही. विस्मरण हाच त्याचा विषय.

कक्षा माणसाच्या रक्तात कशी शिरते, हे त्याने साथीच्या रोगांतून दाखवले आहे. वसंतात हाडज्वर येतो. पुष्कळ मरतात आणि जगतात ते सडसडीत होतात, येत्या उष्म्याला साजेसे. हिवाळ्याच्या तोंडावर दुसरी साथ येते, तीत वाचलेले जाडजूड, थंडी सोसणारे होतात. दोन्ही साथी पसरवणारी गोचीड फागोर या शिंगाळ, थंडीप्रिय जातीच्या अंगावर वाढते. फागोर हे मानवाचे जन्माचे वैरी, आणि तेच नाहीसे झाले तर माणूस पुढचा ऋतू पाहणार नाही. तिसऱ्या खंडातली राजवट फागोरांचे निर्मूलन करून साथ रोखू बघते तेव्हा शहाणपणाच्या नावाखाली आत्मनाश चालल्याचे वाचकाला कळते, पात्रांपैकी फार थोड्यांना. तारा, विषाणू, वैर आणि राज्यकारभार अशी ही साखळी कुठेही तुटत नाही. उणीव आहे ती हेलिकोनियावर नजर ठेवणाऱ्या, आकाशातल्या निरीक्षण-स्थानकाच्या आणि दूरच्या पृथ्वीच्या प्रकरणांत. तिथे ऑल्डिस कथा सोडून प्रवचनाकडे वळतो आणि हिवाळ्याच्या खंडाचा वेग त्यामुळे मरतो.

किम स्टॅन्ली रॉबिन्सनची मंगळत्रयी (१९९२ ते १९९६) आपल्याच सूर्यमालेत परत येते, आणि व्हायकिंग यानांनी पाहिलेल्या खऱ्या मंगळावर. त्यातली एक बारीकशी कल्पना मला राजकीय क्रांत्यांपेक्षा मोलाची वाटते. मंगळाचा दिवस पृथ्वीच्या दिवसाहून जवळपास चाळीस मिनिटांनी मोठा. रॉबिन्सनचे वसाहतकार तास-मिनिटे पृथ्वीचीच ठेवतात आणि मध्यरात्री घड्याळे थांबवतात. रोज रात्री चाळीस मिनिटे कुठल्याच तारखेत नसतात. त्या वेळेत लोक गातात, भांडतात, फिरायला जातात, आणि हळूहळू मंगळाच्या स्वतःच्या संस्कृतीला तिथे जागा मिळते. भूशास्त्रज्ञ अ‍ॅन मंगळ आहे तसा लाल, निर्जीव राहावा म्हणून हटून बसते. तिचा सहकारी सॅक्स त्याला हिरवा करायला निघतो. हा वाद ग्रहाच्या मातीवरून आहे, पृथ्वीवरून उसना आणलेला नाही. क्रांतीत अवकाश-उद्वाहनाची ३७,००० किलोमीटरची तार तुटते आणि विषुववृत्ताभोवती जवळपास दोनदा गुंडाळली जाते. इथे विध्वंसाचा आकारही ग्रहाच्या घेरावरून ठरतो.

साक्षीदार टिकावा म्हणून रॉबिन्सनने आयुष्य वाढवणारे औषध आणले. त्यामुळे पहिल्या शंभर वसाहतकारांपैकी काही दोनशे वर्षे पाहू शकतात, पण तिसऱ्या खंडात तेच तेच लोक आठवणींत घुटमळत राहतात आणि नव्या पिढीला बोलायला पुरेशी जागा मिळत नाही. शिवाय २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत विषारी परक्लोरेट सापडले, आणि हिरव्या मंगळाचे गणित फार अवघड झाले. पुढे '२३१२' (२०१२) या कादंबरीत रॉबिन्सनने बुधावर एक शहर बसवले. ते रुळांवरून सरकते. उन्हाने तापून रूळ प्रसरण पावतात आणि शहराला पुढे ढकलतात, म्हणजे उगवता सूर्यच त्याला सतत पहाटेच्या पुढे ठेवतो. बुधाचा एक सौर दिवस १७६ पार्थिव दिवसांचा, त्यामुळे विषुववृत्तावरही पहाट ताशी साडेतीन किलोमीटरच्या आसपास चालते. माणूस पायी तिच्या पुढे राहू शकतो, आणि तसे चालणारे पंथ कादंबरीत आहेतच. कक्षेतून जीवनपद्धती काढण्याचा याहून नेटका नमुना मला ठाऊक नाही.

गेल्या पंधरा वर्षांत सर्वाधिक वाचली आणि पाहिली गेलेली ग्रहमाला म्हणजे 'द एक्स्पान्स'. डॅनियल एब्रहॅम आणि टाय फ्रँक यांनी जेम्स एस. ए. कोरी या नावाने २०११ ते २०२१ मध्ये नऊ कादंबऱ्या लिहिल्या. कमी गुरुत्वात वाढलेली उंच, नाजूक हाडांची माणसे, शनीच्या कड्यांतून बर्फ वाहून आणणारी जहाजे, हवा आणि पाण्यावरचे कर, हे सगळे दमदार आहे. पण मालिकेतले इंजिन इतके काटकसरी आहे की ग्रह एकमेकांच्या जवळ आहेत की सूर्याच्या दोन टोकांना, याला फारसे महत्त्व उरत नाही. प्रत्यक्षात तसे नसते. भारताचे मंगळयान नोव्हेंबर २०१३ मध्ये निघून सप्टेंबर २०१४ मध्ये पोहोचले. निघण्याची ती वेळ हुकली असती तर पुढच्या संधीसाठी २६ महिने थांबावे लागले असते. हे थांबणे इतिहास घडवते. युद्ध, व्यापार, दुष्काळ यांना ते ताल देते आणि 'एक्स्पान्स'मध्ये तोच ताल हरवला आहे. सेरेस फिरवून त्याच्या पोटात गुरुत्व निर्माण करण्याची कल्पनाही तपासून घ्यायला हवी होती. इतक्या वेगाने फिरवला तर तो लघुग्रह स्वतःच्या गुरुत्वाने एकसंध राहणार नाही. या मालिकेचा सर्वोत्तम ऐतिहासिक निर्णय मात्र वेगळाच आहे. मंगळावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या कष्ट उपसून ग्रह राहण्याजोगा करत असतात आणि अचानक तेराशेहून अधिक तयार जगांकडे जाणारी द्वारे उघडतात. मग वाट कशाला बघायची? कुणी हल्ला न करताही मंगळाचा समाज आतून पोकळ होतो. ती प्रकरणे मी पुन्हा पुन्हा वाचली आहेत.

लिउ त्सिशिनची 'थ्री-बॉडी' (२००६ मध्ये मासिकातून, २००८ मध्ये पुस्तकरूपाने) उलट टोकाची आहे. अल्फा सेंटॉरीच्या तीन सूर्यांच्या ओढाताणीत सापडलेल्या संस्कृतीला पंचांगच करता येत नाही. राजे आणि ज्योतिषी बदलतात, स्थिर युग कधी संपेल ते कुणालाच सांगता येत नाही. माणसे सुकवून गुंडाळून ठेवण्याची कल्पना विलक्षण आहे. खऱ्या अल्फा सेंटॉरीत मात्र दोन मोठे तारे सुमारे ८० वर्षांत एकमेकांभोवती नेमाने फिरतात आणि तिसरा प्रॉक्झिमा इतका लांब आहे की तो गोंधळ माजवू शकत नाही. लिउने काल्पनिक तारा घेतला असता तर हा आक्षेप उरला नसता. या त्रयीच्या तिसऱ्या खंडात आपली सूर्यमाला द्विमितीत सपाट होताना प्लूटोवरचे संग्रहालय येते, आणि कोट्यवधी वर्षे टिकेल असा लेखनाचा उपाय शोधत शास्त्रज्ञ अखेर दगडात अक्षरे कोरण्याशी येऊन थांबतात. लिउच्या पात्रांत मला जीव कमी जाणवतो. शीतनिद्रेतून शतके ओलांडणारे ते साक्षीदार काळ नुसता मागे टाकत जातात.

आणि मराठी? जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' पाठवली तेव्हापासून आपल्याकडे विज्ञानकथेला प्रतिष्ठा आली. 'यक्षांची देणगी', 'वामन परत न आला', पुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर. पण माझ्या वाचनातली मराठी विज्ञानकथा बहुतेक एका घटनेची आहे: धूमकेतू येतो, शोध लागतो, संकट टळते. दिवाळी अंकाच्या पानांत बसणारी कथा हा तिचा घाट, आणि त्या घाटात हजार वर्षांचा ऋतू मावत नाही. आपल्या वाचकाला असा काळ परका आहे म्हणावे, तर गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थ भरतो, वर्षभराने तो कन्येत गेला की कृष्णाकाठी कन्यागत. सूर्याभोवती ११.८६ वर्षांत फिरणाऱ्या एका ग्रहाच्या चालीवर आखाडे, बाजार, घाटांची डागडुजी आणि सरकारी अंदाजपत्रके हलतात. अधिकमासाचा हिशेब घरोघरी ठाऊक असतो. दुसऱ्या सूर्याभोवतीच्या समाजाचा इतिहास लिहायला लागणारी जाण इथे तयार आहे. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या ट्रॅपिस्ट-१ च्या मालिकेत सात ग्रह आहेत. सर्वांत आतल्याचे वर्ष दीड दिवसाचे, सर्वांत बाहेरच्याचे १९ दिवसांचे, आणि एकावरून शेजारचा ग्रह आपल्या चंद्राएवढा किंवा त्याहून मोठा दिसू शकतो. तिथले सण कसे ठरतील, कर्जाची मुदत कशी मोजतील, वर्षश्राद्ध कधी घालतील? एखाद्या मराठी प्रकाशकाने तरुण लेखकाला तीन खंड आणि पाच वर्षे द्यावीत, आणि सोबतीला एक खगोलशास्त्रज्ञ.