शतपत्रांतील जगाचें ज्ञान : एक परीक्षण

गोपाळ हरि देशमुख ऊर्फ लोकहितवादी यांनीं मार्च १८४८ पासून मुंबईच्या 'प्रभाकर' पत्रांत जीं पत्रें लिहिलीं, तीं 'शतपत्रें' या नांवानें प्रसिद्ध आहेत. त्यांची संख्या १०८. प्रभाकरकर्ते भाऊ महाजन यांनीं तीं छापावयास घेतलीं तेव्हां लेखकाचें वय अवघें पंचवीस होतें. या पत्रांविषयीं आजवर जें लिहिलें गेलें त्यांत बहुधा स्तुति तरी आढळते, नाहीं तर निंदा तरी. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ सालीं सुरू केलेल्या निबंधमालेंत त्यांचा कठोर समाचार घेतला. पुढील पिढ्यांनीं त्यांस आद्य सुधारकांच्या पंक्तींत बसविलें. या दोहोंच्या गलबल्यांत ऐतिहासिक साधन म्हणून या पत्रांचें मोल काय, हा प्रश्न मागें पडला. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे.

पत्रांतून पुनःपुन्हां येणारा सिद्धांत असा कीं, आमचें राज्य गेलें याचें मुख्य कारण आमचें अज्ञान. पृथ्वीवर कोणते देश आहेत, तेथें राज्य कसें चालतें, विद्या कोणत्या आहेत, याची आम्हीं चौकशीच केली नाहीं. हें म्हणणारा मनुष्य परका नव्हता. त्याचे वडील बापू गोखल्यांचे फडणीस. फेब्रुवारी १८१८ मध्यें आष्टीस बापू पडले आणि पांच वर्षांनीं, १८२३ सालीं, पुण्यांत लोकहितवादींचा जन्म झाला. त्यांच्या शब्दांतील कडवटपणा पराभव घरांत पाहिलेल्या माणसाचा आहे, हें चिपळूणकरांच्या टीकेंत पुरेसें लक्षांत घेतलेलें दिसत नाहीं.

परंतु सिद्धांत खरा किती? साधनें पाहतां तो जसाच्या तसा टिकत नाहीं. फ्रेंचांचा वकील सें ल्युबें १७७७ सालीं पुण्यास आला तेव्हां नाना फडणिसांनीं इंग्रज व फ्रेंच यांच्या वैराचा उपयोग चांगला ओळखला होता. १७८६ पासून मॅलेट हा इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून दरबारीं राहिला. त्याच्या खटपटीनें शनिवारवाड्यांत चित्रशाळा निघाली व गंगाराम तांबट पाश्चात्त्य पद्धतीनें चित्रें काढूं लागला. त्याहून विलक्षण गोष्ट म्हणजे, राघोबादादांचा वकील हणमंतराव हा ब्राह्मण १७८१ सालीं प्रत्यक्ष लंडनास गेला व एडमंड बर्क यानें त्याचा पाहुणचार केला. म्हणजे माहितीचा दरवाजा अगदींच बंद नव्हता.

तथापि येथेंच लोकहितवादींची बाजू दुसऱ्या अंगानें बळकट होते. हणमंतरावास परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावें लागलें. त्यानें पाहिलेलें पार्लमेंट, गोद्या व कारखाने यांवरून पुण्यांत ना एखादी शाळा निघाली, ना एखादा ग्रंथ छापला गेला. माहिती व्यक्तीपाशीं आली आणि व्यक्तीबरोबर गेली. उणीव बातमीची नव्हती; बातमी सांठविणाऱ्या व वाढविणाऱ्या संस्थेची होती. लोकहितवादींनीं रोगाचें निदान सैल शब्दांत केलें, पण औषध नेमकें दिलें. १८४८ सालींच पुण्यांत जें सार्वजनिक ग्रंथालय निघालें, जें पुढें नगर वाचन मंदिर म्हणून नांवारूपास आलें, त्याच्या उभारणींत त्यांचा हात होता.

संस्कृत विद्येवरील त्यांचे प्रहार वाचतांना प्रस्तुत लेखकास, ज्याचें आयुष्य रूपें घोकवून घेण्यांत गेलें, प्रथम राग आला हें कबूल केलें पाहिजे. परंतु अर्थ न जाणतां वेद पाठ करणाऱ्यास यास्कानें निरुक्तांत भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. मग लोकहितवादींनीं नवें तें काय सांगितलें? त्यांची चूक एवढीच कीं, घोकणाऱ्याचा दोष त्यांनीं विद्येच्या पदरांत घातला. हा भेद केला असता, तर त्यांच्या म्हणण्यास शास्त्र्यांतूनही कांहीं साक्षीदार मिळाले असते.

सर्वांत मोठा दोष मात्र वेगळाच आहे. जगाकडे पाहण्यास सांगणाऱ्या या लेखकानें इंग्लंडकडे पाहतांना एक डोळा मिटला. या देशांतही पार्लमेंट असावें ही त्यांची मागणी काळाच्या फार पुढची, यांत शंका नाहीं. देशी मालाचा पुरस्कारही त्यांनीं त्याच वेळीं केला. पण इंग्रजांचें राज्य ही ईश्वरानें नेमलेली शाळा, असें ते मानीत. त्याच १८४८ सालच्या एप्रिलांत लंडनांत मतांचा हक्क मागणाऱ्या चार्टिस्टांची प्रचंड सभा भरली, कारण तेथील बहुसंख्य पुरुषांसही मत नव्हतें. १८०१ पासून त्याच पार्लमेंटांत सभासद पाठविणारें आयर्लंड १८४५ नंतर दुष्काळानें मरत होतें. पार्लमेंट असलें म्हणजे दुर्बळाचें पोट भरतेंच असें नाहीं, हा धडा त्यांच्या शाळेंतच लिहिलेला होता. तो त्यांनीं वाचला नाहीं. १८४८ सालीं साताऱ्याचें राज्य खालसा करण्याचें ठरलें, तोही धडाच होता.

तात्पर्य, शतपत्रांतील वाक्यें पेशवाईच्या समाजस्थितीचा पुरावा म्हणून उचलूं नयेत. १८४८ ते १८५० या काळांतील पुण्याच्या एका तरुणाच्या मनाचा पुरावा म्हणून तीं अमोल आहेत. प्रत्येक पत्र त्याच्या तारखेसह आणि त्या आठवड्याच्या वर्तमानासह वाचावें. ज्या चिपळूणकरांनीं त्यांस झोडपलें त्यांचा जन्म १८५० चा. वर्तमानपत्रांतून निर्भयपणें स्वजनांस दोष देण्याची जी वाट लोकहितवादींनीं मळविली, तीवरूनच चालत जाऊन त्यांनीं तो प्रहार केला. टीकाकारानें आपल्या पायाखालील वाट कोणी केली हें विसरूं नये, एवढेंच सांगून हें परीक्षण पुरें करतों.