कोकणातली भुतं हिंदी का बोलतात?

वसंत जोगळेकरांचं नाव आज निघतं ते बहुधा लता मंगेशकरांच्या संदर्भात. त्यांच्या ‘किती हसाल’साठी (१९४२) लताबाईंनी पहिलं गाणं गायलं आणि ते चित्रपटातून कापलं गेलं. हिंदीतलं पहिलं पार्श्वगायनही जोगळेकरांच्याच ‘आप की सेवा में’साठी (१९४७). पुढे पुलंच्या ‘सुंदर मी होणार’वरून त्यांनी ‘आज और कल’ (१९६३) केला. असा हरहुन्नरी माणूस १९७६ साली ‘हा खेळ सावल्यांचा’ घेऊन आला आणि मराठी घरांतली मुलं त्यातल्या नरसूच्या भुताच्या नावाने अंथरुणात तोंड लपवू लागली. आशा काळे, काशीनाथ घाणेकर, सुधीर मोघ्यांचे शब्द, हृदयनाथांचं संगीत! त्या गाण्यांची गोडी उतरलेली नाही. भूत खरं की मनाचा खेळ, हा प्रश्न मात्र डॉक्टरच्या हाती सोपवलेला. भीतीला सोबतीला शहाणपण लागतंच, ही आपली जुनी खोड.

या यशानंतर मराठीत भयपटांची रांग लागायला हवी होती. लागली ती विनोदी भुतांची: ‘एक डाव भुताचा’ (१९८२), ‘भुताचा भाऊ’ (१९८९), ‘झपाटलेला’ (१९९३). ‘झपाटलेला’तला रामदास पाध्यांचा बाहुला तात्या विंचू मला आवडतो, पण त्याला कुणी रात्री घाबरलं तर सकाळी हसूही येतं. दरम्यान रामसे बंधूंनी मुरूडच्या नवाबाचा वाडा गाठला आणि हिंदीत धंदा केला.

भयपटाची घरची परंपरा कशी उभी राहते, यासाठी इटलीत काय झालं ते पाहण्यासारखं आहे. दिग्दर्शक रिकार्दो फ्रेदा ‘इ वांपिरी’ या भयपटाचं (१९५७) चित्रीकरण अर्धवट टाकून निघून गेला. कॅमेरा सांभाळणाऱ्या मारियो बावाने चित्रपट पुरा केला, १९६० मध्ये स्वतःचा भयपट काढला आणि पुढे त्यातच नाव कमावलं. माल परदेशात खपायचा म्हणून फ्रेदा ‘रॉबर्ट हॅम्प्टन’ झाला, आंतोनियो मार्गेरिती ‘अँथनी डॉसन’. नावं उसनी, पण स्टुडिओ, कारागीर आणि हातोटी घरचीच राहिली. त्यामुळे दुय्यम दिग्दर्शकालाही पाचवा, सहावा भयपट करता आला. चुकायला आणि सुधारायला जागा मिळाली.

आपल्याकडे उलट घडतं. विशाल फुरियाने ‘लपाछपी’मध्ये (२०१७) उसाच्या फडाला भुताटकीची जागा केलं, तेही ऐन दिवसाउजेडी. त्यात स्त्रीभ्रूणहत्येची वेदना होती. उषा नाईकांचं काम विसरता येत नाही. पुढे तोच विषय फुरियाने हिंदीत ‘छोरी’ (२०२१) म्हणून केला. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ नारायण धारपांच्या कथेतून बीज घेतो, कोकणातला पाऊस वर्षानुवर्षं थांबून टिपतो, २०१८ मध्ये व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचं उद्घाटन करतो, आणि बोलतो हिंदी. आदित्य सरपोतदारांनी ‘झोंबिवली’ (२०२२) मराठीत केला खरा, पण आपला अस्सल मुंजा शंभर कोटींच्या पार गेला तो हिंदीत (२०२४). ‘तुंबाड’ला २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित केल्यावर पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला मिळाला, म्हणजे प्रेक्षक नाही ही सबब टिकत नाही. मराठी निर्मात्याजवळ दम धरायला पैसा नाही, हे खरं कारण. पाऊस हवा तसा पडेपर्यंत युनिट बसवून ठेवणं मराठी बजेटात बसत नाही.

आणि सामग्री तर पायाशी आहे. नागोठणं आणि रोहा यांच्या मधल्या निडीसारख्या स्टेशनावर पावसाळ्यात दिवेलागणीला उतरून पाहा. भातखाचरं भरलेली, पलीकडे डोंगर धुक्यात, गावात एखादं म्हातारं माणूस चकव्याची गोष्ट सांगायला तयार. चकव्यात राक्षस लागत नाही, महागडी दृश्यकरामत लागत नाही. पायाखालची ओळखीची वाट फिरून त्याच बांधावर आणते, एवढंच. कमी पैशात होणारा हा भयपट मराठीत कुणी तरी मनावर घ्यायला हवा. घेतलाच, तर निर्मात्याने पहिल्याच बैठकीत त्यात एक विनोदी नोकर घालायला सांगू नये.