उशीर

वाळ्याचं संस्कृत नाव उशीर. मराठीत या शब्दाचा अर्थ निराळा, पण वाळ्याला तोही शोभतो. मोगरा दारातूनच हाक मारतो. वाळा बाकीचे वास येऊन, बसून, उठून गेल्यावर येतो आणि मग हलायचं नाव घेत नाही.

नागपुरात त्याचा मोसम एप्रिलात सुरू होतो. 23 मे 2013 ला इथला पारा 47.9 अंशांवर गेला होता, तेव्हा माठात वाळा टाकण्याचं कारण नागपूरकराला विचारू नये. इतवारीतून आणलेली जुडी सोडून एक मुळी हातात घ्या. जाड दोऱ्याएवढी, तपकिरी, वाकवली तरी मोडत नाही. कोरडी असताना नाकाशी धरली तर जुन्या कपाटाचा खण उघडल्यासारखं वाटतं, बस. आता भिजवा. आधी ओली माती, मग कच्च्या बटाट्याची साल, त्याखाली लाकूड, आणि सगळ्यात शेवटी जराशी धुरकट, कडवट गोडी. ही शेवटची पायरी ज्याला लागली त्याला बाजारचं हिरवं खस सरबत पुन्हा रुचत नाही. (निदान मला तरी.)

तसं हे गवतच, ज्वारी-उसाच्या गोतातलं. वर साधी पाती आणि खाली सरळ तीन-चार मीटर उतरणारी मुळं. लागवडीतला वाळा बहुधा बी धरत नाही, ठोंब फोडूनच लावतात. दक्षिण आशियाबाहेरच्या 29 देशांतून आलेल्या 60 नमुन्यांचा डीएनए तपासला, तर 53 नमुने एकाच झाडाच्या फुटव्यांचे निघाले! लखनौच्या 'सीमॅप' संस्थेने मात्र वासावरून वाण निवडले. त्यांतल्या दोघांची नावं गुलाबी आणि केशरी. शास्त्रज्ञांतही रसिक असतात.

खरी गंमत प्रयोगशाळेत झाली. जिवाणू-बुरशीपासून पूर्ण मुक्त केलेली वाळ्याची रोपं वाढवून पाहिली. रोपं ठीक होती, पण मुळांत तेल जेमतेम नावाला. पुढे 2008 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं, की मुळीच्या पेशींत राहणारे जिवाणू हे तेल खातात, बदलतात आणि त्यातून वाळ्याच्या तेलात नेहमी सापडणारी कितीतरी द्रव्यं तयार करतात. म्हणजे आपण ज्याला वाळ्याचा वास म्हणतो, त्यात यजमानाचा वाटा किती आणि पाहुण्यांचा किती, हे नाकाला कळत नाही. त्या वासाचा मुख्य रेणू कोणता, हेसुद्धा बाझेलच्या रसायनशास्त्रज्ञांनी 2021 मध्ये तो स्वतः घडवून दाखवला तेव्हा पक्कं झालं. तेलात तो असतो अगदी थेंबातला थेंब.

म्हणून कुणी जनुकबदलाने 'सुधारित' वाळ्याची गोष्ट काढली, की मी विचारतो: बदलणार कुणाचं जनुक? वर्धा रोडवर कापूस संशोधन संस्था असलेल्या गावात हा शब्द नवा नाही. बीटी कापसाला 2002 मध्ये परवानगी मिळाल्यापासून विदर्भात तो चहाच्या टपरीवरही चर्चेत असतो. पण गवताची जात वेगळी, त्याचे पराग वाऱ्यावर जातात. अमेरिकेत ओरेगनमध्ये गोल्फच्या मैदानांसाठी तणनाशक पचवणारं गवत बनवलं, तर लागवडीपासून 21 किलोमीटरवरच्या गवताच्या बियांत त्याचं जनुक सापडलं. बी न धरणारा वाळा निदान तसा पळून जाणार नाही. ठोंब लावावा तिथेच तो बांध धरून बसतो.

कूलरच्या जाळीत आता बहुतेक घरी लाकडाच्या किसासारखं काहीतरी भरतात, वर सुगंध फवारून. ते पहिल्या मिनिटाला घमघमतं आणि तिसऱ्या दिवशी मुकं होतं. वाळ्याची ताटी भिजवली, तर सुरुवातीला नुसती ओली हवा येते. आमच्याकडे पावसाळा सरला की माठातली जुडी उन्हात वाळवून शालींच्या ट्रंकेत टाकतात. डिसेंबरात शाल अंगावर घ्यावी, अर्धा तास निघून जावा, अंगाची ऊब तिला लागावी, आणि मग कुठून तरी मे महिना यावा.