पाच घरांची इंग्रजी

इंग्रजी शब्द किती अक्षरांचा आहे आणि त्यात कोणकोणती अक्षरे आहेत, याची उठाठेव चहाबरोबर करणारी मंडळी आपल्या घराघरांतून आता सर्रास दिसतात. 'वर्डल' हा तो खेळ. वेळ घालवण्याचे साधन म्हणून तो उत्तमच आहे. पण ज्यांना इंग्रजी नंतर शिकावी लागली अशा आपल्यासारख्यांनी त्याची थोडी चिकित्सा करायला हरकत नाही.

खेळ अगदी साधा. पाच घरे, सहा संधी, दिवसाला एकच शब्द आणि साऱ्या जगाला तोच. अक्षर योग्य जागी पडले तर घर हिरवे, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळे, नसलेच तर करडे. मूळचे वेल्सचे पण न्यूयॉर्कमध्ये राहणारे संगणक-अभियंते जॉश वॉर्डल यांनी तो आपल्या जोडीदार पलक शाह यांच्या विरंगुळ्यासाठी रचला, ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वांना खुला केला आणि जानेवारी २०२२ च्या अखेरीस 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो विकत घेतला. पाच अक्षरी इंग्रजी शब्दांची त्यांच्यापुढची यादी सुमारे बारा हजारांची होती. पलक शाह यांनी ती चाळून ओळखीचे वाटणारे अडीच हजारांच्या आसपास शब्द वेगळे काढले आणि उत्तरे त्यांतूनच ठेवली गेली. माझ्या मते खेळाचे मर्म या निवडीत आहे. कोशात शब्द असणे वेगळे आणि तो माणसाच्या ओळखीचा असणे वेगळे, हा भेद त्या निवडीने पाळला.

स्पर्धेतल्या स्क्रॅबलचे याच्या नेमके उलट आहे. आर्थिक मंदीत काम गमावलेले वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी १९३० च्या दशकात वर्तमानपत्रांतली अक्षरे मोजून हा खेळ बेतला. म्हणून 'ई'चे ठोकळे बारा आणि 'क्यू'चा एकच. मोजणी चोख होती, पण स्पर्धा वाढल्या तशी अधिकृत यादी हेच सर्वस्व झाले. शब्द यादीत असला की पुरे, अर्थ कोणी विचारत नाही. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्‌स यांनी २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे अजिंक्यपद मिळवले ते फ्रेंच बोलता येत नसताना, केवळ याद्या पाठ करून. स्मरणशक्ती अचाट, यात शंका नाही; परंतु याला भाषेची जाण म्हणता येणार नाही. डी-एच-ओ-टी-आय आणि टी-ए-बी-एल-ए हे आपले पाच अक्षरी पाहुणे स्क्रॅबलच्या पंक्तीला बसतात याचे कौतुक वाटते, पण ते मांडणाऱ्याने धोतर पाहिलेले किंवा तबला ऐकलेला असण्याची तिथे गरज नाही.

आता आपल्याविषयी. आपली इंग्रजी आली क्रमिक पुस्तकांतून आणि पुढे कचेरीतून. 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन', 'क्वालिफिकेशन' असे लॅटिन घराण्यातले लांबलचक शब्द आपण झोपेतही लिहू. पाच घरांत त्यांना प्रवेशच नाही. तिथे 'वॉटर', 'ब्रेड', 'अर्थ', 'हार्ट' अशा जुन्या, घरगुती इंग्रजीची मोठी वस्ती आहे. २०२२ च्या सुरुवातीला 'नॉल' म्हणजे लहानशी टेकडी आणि 'कॉल्क' म्हणजे न्हाणीघराच्या फटी बुजवायचा मसाला, हे शब्द उत्तर म्हणून आले. असे शब्द पदव्यांनी येत नाहीत. ते येतात टेकडीवर हिंडल्याने आणि घराची डागडुजी स्वतः केल्याने. म्हणून हा खेळ विद्वत्ता मोजत नाही. आपण या भाषेत राहतो किती आणि तिच्यात नुसते काम करतो किती, हे तो मोजतो. आपल्याला तो टोचतो तो येथेच, आणि टोचावाही.

दोष नाही असे नाही. जानेवारी २०२२ मध्ये 'फेव्हर' आणि फेब्रुवारीत 'ह्यूमर' उत्तर म्हणून आले, तेव्हा ब्रिटिश खेळाडू चिडले. त्यांच्या लेखी हे शब्द सहा अक्षरी. आपल्याही लेखी, कारण मास्तरांनी त्यांतला 'यू' आपल्याकडून छडीच्या धाकाने घोटून घेतला होता. अमेरिकेत तो 'यू' गळाला त्यात नोआ वेब्स्टर यांच्या १८२८ च्या कोशाचा मोठा हात. म्हणजे शब्दाची लांबीसुद्धा आपण समुद्राच्या कोणत्या किनाऱ्यावर उभे आहोत यावर ठरते. खेळ मात्र पाच हा आकडा जणू निसर्गनियम असल्यासारखा वागतो.

असाच खेळ मराठीत का नको, असे मुले विचारतात. जरूर हवा, पण पाच घरांची नक्कल नको. 'वॉटर'ची अक्षरे पाच, आपल्या 'पाणी'ची दोन. आणि 'स्त्री'मध्ये तीन व्यंजने असूनही अक्षर एकच. अभंगाने आणि ओवीने अक्षरे मोजली तशीच इथेही मोजावी लागतील. त्याहून अवघड काम पलक शाह यांनी केले ते, म्हणजे ओळखीचे शब्द वेगळे काढण्याचे. मंडळाच्या मराठी शाळेने या वर्षी तेवढे हाती घ्यावे. अंगण, उंबरा, पातेले, सांडशी अशा तीन अक्षरी दोनशे शब्दांची यादी करावी आणि मुलांना अर्थ विचारून एकेका शब्दापुढे खूण करावी. किती शब्द मुलांच्या ओळखीचे आहेत ते त्यावरून समजेल. खेळ रचण्यापूर्वी ते समजलेले बरे.