पाखराची दया आणि हौदाचं पाणी

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता आपल्यातल्या पुष्कळांनी शाळेत घोकली. बाण लागलेली पक्षीण कशीबशी घरट्याशी येते, पिलांजवळ प्राण सोडते. सबंध वर्ग हळहळायचा. आणि त्याच वर्गातल्या आपल्या पोरांचा माठ वेगळा असायचा, त्याची कुणाला हळहळ नव्हती.

टिळक ढोंगी नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. कोकणातला हा चित्पावन 1895 साली ख्रिस्ती झाला, 1917 साली मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' काढला. फुलं, मुलं, पाखरं यांवर त्यांचा जीव होता तो खराच. तुकोबाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. पण मित्रांनो, त्या पुलावर चोखोबा कुठं उभा आहे? पायरीपाशीच ना?

त्यांच्या कवितेतली दया वरून खाली येते. पाखरू मुकं आहे, निष्पाप आहे, हिस्सा मागत नाही. म्हणून त्याच्यावर दया करणं सोपं. आपल्याला जीभ आहे, आणि आपण मागतो. मागणाऱ्यावर दया करायला या कवितेला जमत नाही. ती शिकाऱ्याला क्रूर म्हणते, पण त्याचं नाव, गाव, वतन विचारत नाही.

याच्या उलट लक्ष्मीबाई. 1934 पासून प्रसिद्ध झालेली 'स्मृतिचित्रे' वाचा, सदाशिवपेठी कौतुक बाजूला ठेवून वाचा. नवरा घरातलं उचलून कुणालाही देऊन टाकतो, आणि चूल पेटवायची हिनं! टिळकांच्या साधेपणाचं बिल या बाईनं भरलं. नवरा बाटला तरी ही सोवळं सांभाळून राहिली. मग एकेक गाठ स्वतःच्या हातानं सोडवत 1900 साली ख्रिस्ती झाली. जात स्वयंपाकघरात राहते हे तिला ठाऊक होतं. ते टिळकांच्या अभंगांत सापडत नाही. म्हणून माझ्या लेखी ती मोठी लेखक.

स्वारगेटच्या एस.टी. स्टँडवरून चालत निघालात तर थोडक्या वेळात दोन ठिकाणं लागतात. गुरुवार पेठेतलं पंचहौद मिशन; तिथं 1890 साली रानडे, लोकमान्य वगैरे मंडळींपुढं चहा आला आणि पुण्यात प्रायश्चित्ताचं रामायण झालं. एका कपासाठी! आणि गंज पेठेतला फुले वाडा. जोतीरावांनी 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ते मिशनच्या शाळेत शिकले, ख्रिस्ती झाले नाहीत. दयेवर कविता न करता पाणी दिलं.

नगर जिल्ह्यात चर्चच्या बाकांवर बसले ते बहुतेक आपलेच, महार आणि मांग. त्यांना दया भरपूर ऐकायला मिळाली. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं मात्र त्यांना अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवलं. शीख 1956 साली आत आले, आपण बौद्ध 1990 साली. दलित ख्रिस्ती अजून दाराबाहेर आहे. गावात त्याची वस्ती कुठं आहे ते जाऊन पाहा, मग सांगा त्याची जात गेली का.

त्याच्या घरातलं पोरगं आज लिहील तर 'ख्रिस्तायन'सारखं लिहू नये. वस्तीवरच्या नळाची रांग, पाद्र्याचं आडनाव, बापानं दाखल्यावर लावलेली जात, हे लिहावं. तसा मजकूर कुणाकडं असेल तर या अंकाच्या पत्त्यावर पाठवा. स्टेन्सिल कापायला आम्ही आहोत.